पोपटाने विचारलं होतं

माळाच्या टोकाला एक उंबर होता. त्याच्या मुळांखालच्या मोठ्या बिळात अंगभर काटे असलेली एक साळू आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. बिळाची सफाई उंदराकडे होती आणि दारावर पोपट. नियम एकच : बिळातलं काहीही काढून टाकण्याआधी पोपटाने "नक्की?" असं विचारायचं, उंदराने "हो" म्हटलं की मगच काढायचं. मुलांनो, संगणकातून काही काढताना पडद्यावर पाटी येते ना, तसंच हे. ती पाटी वाचता का तुम्ही? मी वाचत नाही. परवा त्यापायी घरचा संगणक पार बंद पाडला आणि आज तुम्हाला शहाणपण सांगायला बसले आहे. असो.

पोपट वाळल्या पानाला विचारी, "नक्की?" तुटक्या देठाला विचारी, "नक्की?" दिवसातून शंभरदा. उंदराचं "हो" प्रश्नाच्या आधीच बाहेर पडे. एके दिवशी पिल्लांच्या खोलीत, छताखालून आडवं गेलेलं एक जाड मूळ उंदराला दिसलं. ना त्याला पान, ना फळ. "पोपटराव, आढ्याचं एक निकामी मूळ काढतोय," तो आतून म्हणाला. "नक्की?" "हो हो." मूळ तुटलं आणि छत खाली आलं. पिल्लं आतच होती.

बाहेर कंद उकरणारी साळू धावत आली. पंजे सोलवटेपर्यंत तिने माती उपसली. एक पिल्लू निघालं. बऱ्याच वेळाने दुसरं निघालं, शिंकलं, तेव्हा कुठे तिचा जीव खाली पडला. मग तिचे काटे उभे राहिले.

"मी विचारलं होतं, साळूबाई," पोपट मागे सरकत म्हणाला. "हाच हो म्हणाला."

"रोजच विचारतो हा. आज वेगळं काय विचारलं?" उंदीर पुटपुटला.

"तेच म्हणतेय मी. पानाला जो सवाल, तोच माझ्या लेकरांच्या छताला? पोपटा, मूळ गेलं की छत जाणार, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं. पण माझं काम विचारायचं."

"मग सांगायला जीभ झडली होती? छत पडेल, पिल्लं गाडली जातील, हे सांगून मग विचारायचंस. आणि तू रे, दात चालवण्याआधी एकदा वर बघायचंस. असल्या पहाऱ्यावर लेकरं टाकून गेले, ती मी तर तुमच्याहून शहाणी."

तिने पिल्लांना शेजारच्या खोलीत हलवलं. आपल्याच अंगाचे काटे उपटून छत तोलणाऱ्या प्रत्येक मुळाभोवती दाट रोवले. आता पोपट पानाबिनाला काही विचारत नाही. मुळाला दात लावायचा, तर उंदराला आधी एकेक काटा उपसावा लागतो. दुसऱ्याच दिवशी त्याच्या नाकाला काटा टोचला. तो थांबला, त्याने वर पाहिलं आणि पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, "साळूबाई, याच्यावर काय उभं आहे?"

तात्पर्य : ज्याच्यावर घर उभं आहे, ते एका "हो"ने निघता कामा नये, ऊठसूट विचारलेला प्रश्न म्हणजे राखण नव्हे.