नऊ गावांचा करार आणि ठकूबाईची हलगी

फार जुनी गोष्ट आहे, खरी की खोटी ते नदीलाच ठाऊक. एका नदीकाठी नऊ गावं होती. सगळ्यांत वरच्या गावात कापड रंगवायचा मोठा धंदा चाले. रंगाचे हौद सगळे पाटलांचे, आणि कापड रंगवून झालं की हौदातलं पाणी सरळ नदीत! त्यामुळे सगळ्यांत खालच्या गावात कुणी वार विचारत नसे. पाणी लाल आलं की सोमवार, निळं आलं की मंगळवार. म्हशी हिरव्या झाल्या तेव्हा लोक पोट धरून हसले. पोरांच्या अंगावर फोड उठले तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नाही.

वरच्या गावात ठकूबाई नावाची दवंडीवाली होती. नवरा गेला तेव्हा त्याची हलगी तिनं स्वतःच्या गळ्यात घातली. अक्षरओळख नव्हती, पण एकदा कानावर पडलेलं ती शब्दाला शब्द म्हणून दाखवी. तिची लेक गिरजा त्या खालच्या गावात दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगी झाली होती, आणि आता बाळाला घेऊन सासरी जायचे दिवस जवळ आले होते. नातीला न्हाऊ घालताना ठकूबाईच्या मनात रोज एकच यायचं, की या कोवळ्या अंगाला तिकडं ते रंगाचं पाणी लागणार. तिचा जीव तीळतीळ तुटायचा.

खालच्या गावानं तक्रार केली नव्हती असं नाही हं! नऊ गावांची एक सभा होती. पहिल्या तक्रारीला सभेनं चिंता व्यक्त केली. दुसऱ्या तक्रारीला तीव्र चिंता. तिसऱ्या वेळी अतितीव्र चिंता. सभेकडे ना शिपाई ना काठी, बिचारी आणखी करणार तरी काय?

शेवटी सभेनं करारच करायचा ठरवला. ठकूबाई तिथं हलगी वाजवायला गेली होती. कुणाच्या गावाचं नाव आधी लिहायचं यावर नऊ पाटील दीड दिवस भांडले, मग नावं गोलाकार लिहिली. पुढचा दीड दिवस शब्दांवरून भांडले. मग करार वाचून दाखवला: "नदी सगळ्यांची आहे. तिच्यात कुणी घाण सोडणार नाही. काठावरच्या प्रत्येक माणसाला चांगल्या पाण्याचा हक्क आहे. आणि याबद्दल जो कुणी विचारील त्याला हाकलायचं नाही, उत्तर द्यायचं."

नऊ पाटलांनी अंगठे उठवले, फेटे बांधून घेतले, जिलेबी खाल्ली. वरच्या गावच्या पाटलांनी आपली प्रत घरी आणून देव्हाऱ्यात ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निळं पाणी नदीत सोडलं.

ठकूबाई त्यांच्या दारात गेली. "मालक, कराराची दवंडी कधी द्यायची?"

"कसली दवंडी?" पाटील पानाला चुना लावत होते.

"तुमचा अंगठा उठला की गावाला कळवायचं, रिवाजच हाय की आपला."

"अगं, तो बाहेरचा करार. चार पाहुण्यांत माणूस बोलतो काहीतरी. बाहेर दिलेला शब्द बाहेरच ठेवायचा, घरात कशाला आणायचा? आणि हे बघ, हलगी गावची आहे, तुझी नव्हे. तोंड उघडलंस तर उद्या ती दुसऱ्याच्या गळ्यात दिसेल."

ठकूबाई घरी आली. हलगी गेली तर चूल कशी पेटायची? ती घाबरली होती, खोटं कशाला सांगा! तिकडं गिरजा बाळाची अंगडीटोपडी गाठोड्यात बांधत बसली होती. ठकूबाईनं ते गाठोडं एकदा बघितलं. मग तिनं पदर खोचला, जाळ केला आणि हलगी शेकायला घेतली.

आठवडी बाजार भरला होता. "ऐका हो ऐका!" ठकूबाई गरजली. "आपल्या पाटलांनी नऊ गावांत आपली मान उंच केली हो!" ओट्यावरचे पाटील मिशीत हसले. मग ठकूबाईनं अख्खा करार, शब्दाला शब्द, म्हणून दाखवला. पाटलांचं हसू मावळलं. "आणि आपले पाटील शब्दाचे पक्के! सूर्य उगवायचा राहील, पण पाटलांचा शब्द मोडायचा नाही हो!"

झालं! म्हातारी मंडळी नारळ घेऊन पाटलांचं कौतुक करायला धावली. मागोमाग हौदावर राबणाऱ्या बाया आल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे, बोटांना चिरा पडलेल्या. करार कसला, त्यांच्या कानावर यातलं अक्षरही आलं नव्हतं. त्यातली एक पुढं झाली. "मालक, मग उद्यापासून हौदाचं पाणी कुठं सोडायचं?"

पाटील चाचरले. "म्हणजे त्याचं असं आहे... शक्यतो..."

"ठकू," एका आजीनं कानामागं हात धरून विचारलं, "करारात 'शक्यतो' हाय का गं?"

"व्हता, आजी. तिसऱ्या दिवशी पाटलांनीच खोडाया लावला. म्हणाले, असला लेचापेचा शब्द माझ्या अंगठ्याशेजारी नको."

बाजार खो खो हसला. पाटील लालबुंद झाले. "हाकला रे हिला!" ते त्या हौदावरच्या बाईकडं बोट दाखवून ओरडले.

"हाकलायचं नाही, उत्तर द्यायचं!" सगळा बाजार एका सुरात म्हणाला. भाजीवाल्यांपासून कासारापर्यंत सगळ्यांना करार पाठ झाला होता.

पाटलांनी नारळाकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं. "खड्डे खणू," ते पुटपुटले. "वाळूचे. पाणी तिथं मुरवू."

संध्याकाळी ठकूबाईची हलगी काढून घेतली, ते खरं. पण खड्डे खणावेच लागले, कारण रोज कुणी ना कुणी कुठवर आलं ते विचारायला जाई. नदी निवळायला तीन महिने लागले. तोवर ठकूबाईनं लेकीला धाडलं नाही आणि जावयाचं काही ऐकून घेतलं नाही. मग स्वतः नातीला कडेवर घेऊन गेली आणि नदीच्या पाण्यानं तिला न्हाऊ घातलं. ते स्वच्छ पाणी बघून तिला रडू आवरेना. खालच्या गावानं तिला नवी हलगी करून दिली.

पुढच्या वर्षी सभेनं रानाचा करार केला. वाचन झालं, शाई आली. नऊ अंगठे शाईत बुडाले आणि कागदावर हवेतच थांबले.

"ती ठकूबाई आलीय का?" एका पाटलांनी हळूच विचारलं.

"आलीय. पहिल्याच रांगेत बसलीय."

"मग ते पुन्हा एकदा वाचा बुवा. जरा सावकाश."

तात्पर्य काय, तर मोठ्या सभेत दिलेला शब्द घरच्या माणसांच्या कानावर पडला, तरच तो पाळावा लागतो. म्हणून करार देव्हाऱ्यात नको, चव्हाट्यावर हवा.