रेंजचं सीमांतपूजन

"रेंज नाही म्हणजे काय? पकडून आणा तिला!"

कातळगडचे राजे रणधवल सिंहासनावरून गरजले. त्यांच्या हातात आदल्याच दिवशी घेतलेला कोरा करकरीत स्मार्टफोन होता. फोनला सोन्याचं कव्हर होतं, मोत्यांचा गोंडा होता, नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरचीसुद्धा बांधली होती. नव्हती ती फक्त रेंज! वायफायची डबीही बसवून पाहिली, पण राजवाड्याच्या चार हात जाड काळ्या भिंतींपुढे तिनेही हात टेकले.

राजांचा जीव टांगणीला लागला होता. लाडकी लेक मंजुळाराजे हिचे दिवस भरले होते. घाटातला प्रवास नको म्हणून बाळंतपण सासरीच होतं, आणि खबर येणार होती ती या फोनवर.

"महाराज," प्रधानजी हळूच म्हणाले, "वेशीबाहेरच्या माळावर रेंज असते म्हणे. गुराखी तिथेच बोलतात."

"म्हणजे कातळगडच्या राजाने रेंजच्या दारात जायचं? या गादीवरचा राजा आजवर कुणाच्या दारात गेलेला नाही. रेंज दरबारात हजर झाली पाहिजे!"

झालं! गावभर दवंडी पिटली, "रेंज असेल तिथून निघून दरबारात हजर व्हावी होऽऽ!" रेंज काही आली नाही. मग शिपाई पोती घेऊन माळावर गेले, पोत्यांत रेंज भरली, तोंडं करकचून बांधली आणि धावत दरबारात आणली. पोती सोडली तर आतून एक नाकतोडा निघाला! तो थेट प्रधानजींच्या पगडीवर जाऊन बसला.

राजांचा पारा चढला. त्यांनी फोन विकणाऱ्या नामा कासाराला बोलावलं.

"फोन तू विकलास, आता रेंजही तूच आण! उद्या दुपारपर्यंत ती दरबारात दिसली नाही, तर डोक्यावर तांब्याचा हंडा उपडा घालून तुलाच बुरुजावर टॉवर म्हणून उभा करीन. जन्मभर!"

नामा घरी आला तो पाय ओढतच. बायको गोदा भाकऱ्या थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"गोदे, टॉवरला जेवायला खाली उतरता येतं का गं?"

"नाही."

"आणि पावसात?"

"पावसात तर मुळीच नाही. म्हणून म्हणते, आत्ता पोटभर जेवून घ्या. उद्या मी येते तुमच्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी डोक्यावरचा पदर सावरत गोदा दरबारात उभी राहिली.

"महाराज, रेंज वेशीपर्यंत आलीय. पण आत यायला तयार नाही. रुसलीय!"

"रुसलीय? का बरं?"

"मानपान राहिला ना! आधी दवंडी पिटलीत, मग पोत्यात कोंबलीत! महाराज, राजकन्येच्या लग्नात विहीणबाई आपण होऊन मांडवात आल्या होत्या का?"

राजांचा चेहरा कसनुसा झाला. कुठल्या येतात! विहीणबाई वेशीवर गाडीतून उतरेचनात. राजे स्वतः सीमांतपूजनाला गेले, पाय धुतले, तरी पायघड्या आखूड आहेत म्हणून बाई तासभर अडून बसल्या होत्या.

"अरेच्चा! म्हणजे मी वेशीवर गेलो होतो की!"

"राजे कुठे गेले होते? वधूपिता गेला होता!" गोदा म्हणाली. "वधूपित्याला वाकावंच लागतं. मुकुट राहू द्या सिंहासनावर. तो गादी सांभाळेल!"

हे राजांना पटलं! मुकुट गादीवर ठेवून वरात निघाली. पुढे सनई-चौघडा, मागे पायघड्या, मधे बोडक्या डोक्याचे राजे. तबकात फोन; रेंजला आड येऊ नये म्हणून गोदाने सोन्याचं कव्हर काढायला लावलेलं. प्रधानजी तांब्या घेऊन पुढे सरसावले.

"पाय कुठले धुवायचे?"

"पाणी लांब ठेवा, प्रधानजी! फोनवर ओताल!" गोदा म्हणाली.

माळावर पोचताच फोनवर एक काडी उमटली. मग दुसरी. मग सगळ्या!

"आली! आली!" लोक ओरडले. प्रधानजींनी ओवाळलं.

"चला, विहीणबाई, आत चला!" म्हणत राजे तबक घेऊन वेशीतून आत वळले. राजवाड्याच्या दारात काड्या गेल्या! पुन्हा माळावर आणलं, काड्या आल्या. पुन्हा आत नेलं, गेल्या. दोन-तीन फेऱ्यांत राजांना धाप लागली आणि माळावरच त्यांच्या रागाचा भडका उडाला.

"हंडा आणा!"

शिपायांनी नामाच्या डोक्यावर हंडा उपडा घातला. तो पार खांद्यापर्यंत आला.

"थांबा!" गोदा कडाडली. "महाराज, हुकूम काय होता?"

"रेंज दरबारात हजर व्हावी!"

"आणि दरबार कुठे असतो?"

"हा काय प्रश्न झाला? राजा बसेल तिथे दरबार! शिकारीला गेलो की आंब्याखालीसुद्धा भरतो माझा दरबार!"

"मग उभे का, महाराज?" गुराखी बसायचे त्या धोंड्याकडे गोदाने बोट केलं. "बसा की!"

राजांनी धोंड्याकडे पाहिलं. गोदाकडे पाहिलं. हातातल्या भरगच्च काड्यांकडे पाहिलं. आणि राजे बसले!

"दरबार भरला होऽऽ!" प्रधानजी ओरडले, आणि फोन खणखणला.

"आबासाहेब! कधीपासून लावतेय मी फोन! नात झाली तुम्हाला!"

पाठोपाठ असं काही टॅहँ ऐकू आलं की माळावरची गुरंही मान वर करून बघू लागली. राजांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेल्याने डोळे पुसता पुसता त्यांना जे हसू फुटलं, ते पोट धरून धोंड्यावरून घसरेपर्यंत!

"वा गं पोरी!" ते गोदाला म्हणाले. "मी कुणाच्या दारात गेलो नाही, आणि रेंज माझ्या दरबारात हजर! माग, काय हवं ते माग!"

"तो हंडा द्या, महाराज. पाण्याला बरा आहे."

"नुसता कसा? काठोकाठ मोहरांनी भरून द्या रे हिला!"

तेवढ्यात हंड्यातून घुमत आवाज आला, "भरा, भरा! पण आधी मला बाहेर काढा!"