नव्याची कुरकुर

पेट्रोल स्वस्त होतं त्या काळातली गोष्ट. संसार थाटलेल्या एका मोटारीत लाकडी कपाटात बसवलेला मायक्रोवेव्ह जळाला. त्याच जागी नवा आणून घट्ट बसवला.

"मावशी, पाठ टेकतेय. वाऱ्याला दोन बोटं जागा द्या ना," तो मागच्या फळीला म्हणाला.

"पहिल्याने अकरा वर्षं हूं की चूं केलं नाही."

"म्हणूनच जळाला ना!"

"आला नाहीस तोच उलट उत्तरं!"

नवा तापला की आपणहून बंद पडायचा. तेवढंच त्याच्या हाती होतं. मालकिणीने मेकॅनिक बोलावला. फळी कापायचा कंटाळा करून त्याने तापल्यावर बंद करणारी कळच काढून टाकली.

"शहाणा झालास हो," फळी म्हणाली. "ऊबही छान देतोस."

त्याला आता थांबता येत नव्हतं. कौतुक करता करताच फळी काळी पडली, आणि तिच्यातून धूर निघू लागला.