हळदीच्या खुणेची कहाणी

ऐक पेवाई आई, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, लेकरं मांडीवर घ्या, आणि मागची कुजबुज आता थांबवा. सुनांची गाऱ्हाणी कहाणी झाल्यावरही तितकीच ताजी राहतात.

आटपाट नगर होतं, नदीकाठी वसलेलं, आणि जेवढं वर दिसे तेवढंच जमिनीखाली होतं. खाली पेवं होती. पेव म्हणजे घट्ट मातीत खणलेली खोल कोठी, तोंडाशी निमुळती, पोटात ऐसपैस. तीत हळद भरायची, तोंड लिंपायचं, वर माती ओढायची. वर्ष लोटलं तरी हळदीला कीड लागत नसे. नगराला राजा होता म्हणतात, पण त्याची चौकशी कुणी करत नसे. सकाळी उठून माणसं विचारत ती हळदीचा भाव.

त्या नगरात बसवंत नावाचा वाणी होता, तुंगा नावाची त्याची बायको होती. वडलांनी ठेवलेली दोन पेवं त्याची होती, माहेरानं आहेर केलेलं एक पेव तिचं होतं. बसवंत बोलका, हसरा माणूस. दिवस मावळला की दोघं ओट्यावर बसत, तो बाजारातल्या गमती सांगे, ती हसे. मूलबाळ नव्हतं. त्याचं तिला वाटे, पण त्याचा आवाज घरात असला की तेवढं वाटत नसे.

त्या बाजारात वायद्याचे सौदे होत. वायदा कसा असतो? हळद अजून वाळायची असते, भाव आज ठरतो. देणारा म्हणतो, येत्या अमक्या पुनवेला इतकी पोती, इतक्या भावानं देईन. घेणारा म्हणतो, घेईन. रुमालाखाली बोटं धरतात, थोडे आगाऊ पैसे बयाणा म्हणून ठेवतात, सौदा होतो. पुढं भाव पडला तरी पिकवणाऱ्याला घोर नाही, चढला तरी घेणाऱ्याला घोर नाही. चाल चांगली आहे, तिला नावं ठेवू नये. सुरीनं बोट कापलं म्हणून भाजी चिरायची कुणी सोडत नाही.

बसवंतानं आपल्या पेवातली हळद वायद्यानं दिली. पुनवेपर्यंत भाव पडला, याला ठरलेला भाव मिळाला. पहिला सौदा गोड झाला, आणि गोड झाला तेच वाईट झालं. मग चनाप्पा दलाल आला. म्हणाला, "बसवंतराव, पेव उघडायचं कशाला, पोती उचलायची कशाला? दहावा हिस्सा बयाणा ठेवा, दहा पट हळद घ्या. भाव चढला की वरचा फरक तुमचा."

"आणि उतरला तर?"

"औंदा उतरतोय होय?"

बसवंतानं हळद घ्यायची बोलली. भाव चढला. मग आणखी बोलली. भाव आणखी चढला. मग आणखी बोलली. मग भाव उतरला. चढताना एकाचे दहा येत होते, उतरताना एकाचे दहा जाऊ लागले. रोज दिवेलागणीला फरक मागायला माणूस दारात उभा. एका दिवशी गल्ला गेला. मग बैलगाडी गेली. मग वडलांची पेवं गेली. बसवंत रोज म्हणे, "एवढी पायरी गाठली की मोडतो सौदा." पायरी येई, हा आणखी खालची पायरी धरी. म्हणे, उद्या भाव फिरेल. अहो, उद्या काय कुणाच्या घरचा असतो?

शेवटी द्यायला काही उरलं नाही. त्या नगराची रीत अशी, की दिवाळं निघालं की वाण्यानं दुकानातली गादी उलटी घालायची, म्हणजे मागणाऱ्यांनी समजायचं. बसवंतानं गादी उलटी घातली, आणि पहाटे उठून निघून गेला. तुंगेला उठवलं नाही. हळद गेली, गाडी गेली, ते तिनं मनाला लावून घेतलं नाही. आपल्याला उठवलं का नाही, हे मात्र तिच्या काळजात रुतून बसलं.

मग चैत्र आला. घरोघरी हळदीकुंकू झालं. हिला बोलावणं आलं नाही. नवरा आहे म्हणावं तर दिसत नाही, नाही म्हणावं तर जीभ रेटत नाही, मग बायकांनी सोपं ते केलं, हाकच मारली नाही. अख्ख्या गावाचे हात हळदीनं पिवळे, आणि तिच्या कपाळाला बोट लावायला कुणी नाही. तुम्हीही असं कुणाला वगळलं असेल, आठवून पाहा. मी नावं घेत नाही.

तुंगा आपल्या माहेरच्या पेवाकडं गेली. तेवढंच राहिलं होतं. पेवाच्या काठी बसून ती रडू लागली. तिथं एक म्हातारी दोरीला दिवा बांधून पेवात सोडत होती.

"आजी आजी, काय करतेस?"

"पेवाईचा वसा वसते."

"तो वसा मला सांग."

"तुला कशाला गं पोरी? उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. माझं माणूस देण्यापायी परागंदा झालंय. देणं फिटल्याशिवाय तो गावात पाऊल घालणार नाही."

मग म्हातारीनं वसा सांगितला. "चैत्रातल्या शुक्रवारी उपास करावा. पेवाचं तोंड सारवावं. आत आधी दिवा सोडावा. कोंडलेल्या पेवातली हवा माणूस मारते, डोळ्यांना दिसत नाही. दिवा तेवला तर उतरावं, विझला तर परतावं. तसंच बाजाराचं. पेवात असेल तेवढीच हळद द्यायची बोलावी. खाण्यापिण्याचं बाजूला काढून उरेल त्याचाच बयाणा ठेवावा. आणि सौदा बोलायच्या आधी भिंतीवर हळदीच्या बोटानं खूण करावी, एवढा तोटा सोसीन, पुढं नाही. खूण आली की सौदा मोडून हात झटकावे. खूण खाली सरकवू नये. जिनं खूण सरकवली तिनं वसा मोडला."

तुंगेनं पदर पसरून वसा घेतला. म्हातारी म्हणाली, "नवऱ्याची वाट पाहतेस, त्याचीही खूण कर. कुठवर पाहशील?"

तुंगा म्हणाली, "पुढच्या चैत्रापर्यंत." आणि घरी येऊन दाराच्या चौकटीवर हळदीचं बोट उठवलं.

मग ती बाजारात गेली. दुकानात गादी उलटीच होती, तिच्या शेजारी पाट मांडून बसली. बाप्ये हसले. चनाप्पा म्हणाला, "वैनी, हितं लाटणं चालत नाही." तिनं पेवातली हळद मोजली, तेवढीच वायद्यानं दिली. भाव चढला. लोक म्हणाले, थांबली असतीस तर दीडपट आले असते. तिला चुटपुट लागली. पण हळद पेवात होती, मुदतीला उचलून दिली, ठरलेलं पदरात पडलं. त्यातून देण्याचा एक घास उतरला.

पुढच्या साली पेव पुन्हा भरून वर चार पैसे उरले. तिनं खूण करून थोडी हळद घेण्याची बोलली. भाव पडत पडत खुणेवर आला. तिनं हात झटकले, तोटा सोसला. आणि दुसऱ्या दिवशी भाव टणकन वर. बाजार असाच द्वाड आहे, तुम्ही उतरायची वाट पाहतो. तुंगा घरी येऊन रडली, चिडली, पेवाईलाही दोन शब्द बोलली. पण भिंतीवरची खूण तिनं सरकवली नव्हती.

चौकटीवरची मात्र सरकवली होती. चैत्र आला, बसवंत आला नाही. तिनं पदरानं जुनं बोट पुसलं आणि नवं उठवलं, पुढच्या चैत्रापर्यंत. तोही चैत्र आला. पुन्हा पुसलं, पुन्हा उठवलं. दारात पाऊल वाजलं की हातातलं टाकून उठे. कधी दूधवाला असे, कधी शेजारचं वासरू. हमाल परमुलखातून आले की त्यांना पाणी देई, आणि पाणी पिऊन होईपर्यंत विचारायचा धीर होत नसे. संध्याकाळी ओट्यावर बसे. बाजारातल्या गमती आता तिला ठाऊक होत्या, सांगायला कुणी नव्हतं.

मग एक साल असं आलं की पूर्वेकडं पाऊस नाही अशी आवई उठली. जो तो हळद घेत सुटला. तुंगेनं पेवातली हळद आधीच ठरल्या भावानं दिली होती, ती स्वस्थ होती. चनाप्पा दारी आला. या वेळी तो हसला नाही, बाजूला घेऊन हळू बोलला. "वैनी, तुम्ही थेंब थेंब फेडताय. असं बसाल तर केस पांढरे होतील. साठवलेलं सगळं एकदा बयाण्याला लावा. एका पुनवेत देणं साफ. मी स्वतः माणूस धाडतो बसवंताकडं, तुंगभद्रेपलीकडच्या पेठेत पोती उचलतोय तो."

तिला पहिल्यांदा त्याचा ठावठिकाणा कळला. पोती उचलतोय. तो कधी ताक घुसळायची रवीही न धरलेला माणूस.

लोभाला तुंगा भुलली नव्हती. पण हा लोभ नव्हता, ही ओढ होती, आणि ओढीला कुंपण नसतं. तिनं साठवलेलं सगळं ओच्यात बांधलं. खाण्याचं बाजूला काढलं नाही. खूण केली नाही. उपाशीपोटी पेवावर गेली, म्हणाली, दिवा सोडते आणि तशीच बाजार गाठते. दिवा सोडला, विझला. म्हणाली, वारा असेल. पुन्हा लावला, पुन्हा सोडला, पुन्हा विझला. म्हणाली, वात ओली असेल. वात बदलली, सोडला. तोही विझला.

तुंगा पेवाच्या काठावर बसली. "आई, मला त्याला आणायचंय. हळद नको, घर नको, त्याला आणायचंय." कितीतरी वेळ बसली. मग ओचा सोडला, पैसे घरी नेऊन ठेवले. बाजारात गेली नाही. त्या दिवशी तिला पेवाईचा राग आला, आणि तो बरेच दिवस गेला नाही.

पुनव जवळ आली. पूर्वेकडून हळदीच्या गाड्या लागल्या, संपता संपेनात. पाऊस पडला होता, आवई खोटी होती. भाव कोसळला. ज्यांनी दहा पट बोलली होती त्यांची घरं गेली. चनाप्पानं आपली गादी स्वतःच्या हातानं उलटी घातली. तुंगेला तिचा ठरलेला भाव मिळाला. तिनं उरलेलं सगळं देणं फेडलं. दुकान उघडलं, नवऱ्याची गादी सुलटी केली, झटकली. तिच्यावर बसली नाही. शेजारच्या पाटावर बसली.

मग चैत्र आला. तुंगा पेव सारवायला गेली, तर म्हातारी काठावर बसलेली.

"पोरी, वसा कसा चालला?"

"हळदीत खूण सरकवली नाही. चौकटीवरची दरसाल सरकवली. औंदाही सरकवणार आहे. वसा मोडला असेल तर मोडला. त्याचं फळ मला नको. पण याला मी मुदत घालणार नाही."

म्हातारीनं दिव्याची वात वर सारली. मग म्हणाली, "हळदीचा तोटा मोजता येतो, म्हणून खूण सांगितली. माणूस नसल्याचा तोटा मोजता येतो का गं?"

"नाही."

"मग खूण कशावर करशील? जा, पूस ते बोट." असं म्हणाली, आणि काठावर म्हातारी नव्हती, नुसता तेवता दिवा होता.

तुंगा घरी आली. चौकटीवरचं बोट पुसलं, नवं उठवलं नाही. इकडं वाऱ्यावर बातमी गेली होती. गाडीवानांनी तुंगभद्रेपलीकडच्या पेठेत सांगितलं, बसवंत वाण्याची गादी सुलटी झाली. ऐकणारा एक हमाल पाठीवरचं पोतं तसंच खाली ठेवून निघाला.

तो आला तेव्हा ऊन उतरलं होतं. खांदे वाकलेले, डोईचे केस विरळ झालेले. उंबऱ्याबाहेर थांबला. आत यावं कसं, तोंड दाखवावं कसं, त्याला सुचेना. मग वाणीच तो, म्हणाला, "औंदा हळद कशी आहे?"

तुंगा म्हणाली, "हळद राहू द्या. मला उठवलं का नाही त्या दिवशी?"

तो म्हणाला, "उठली असतीस, तर माझ्यानं जाववलं नसतं."

तुंगा दारातून बाजूला झाली. तो आत आला.

बायांनो, पेवाई आई तुंगेला जशी पावली तशी तुम्हां आम्हां पावो. बोललेलं पेलो, न बोललेलं टळो. आणि जिचं माणूस अजून आलं नाही तिला कुणी हळदीकुंकवाला वगळू नये, पहिलं बोट तिच्या कपाळी लागो. साठा सौद्यांची ही कहाणी पाचा बोलांत सांगितली, ती ऐकणारीला फळो, सांगणारीला फळो, इथं ती सुफळ पुरी झाली.