गाईचा घास आणि काकूंची गाठ

एका गावात एक बाई होती आणि तिचं अंगण गावात नावाजलेलं होतं. पहाटे सडा, सड्यावर रांगोळी, तुळशीपाशी दिवा, आणि कचऱ्याचा कपटा म्हणाल तर औषधाला सापडायचा नाही. बाईचं नाव द्वारका. सगळं गाव तिला द्वारकाकाकू म्हणायचं. सासवा सुनांना सांगायच्या, जरा काकूंच्या दारावरून जाऊन ये, अंगण कसं असतं ते बघून ये. हे ऐकून काकूंना बरं वाटायचं, आणि का वाटू नये?

काकूंना एकच लेक, इंदू. ती गावातच दिली होती, खालच्या आळीत. लग्नात काकूंनी तिला आंदण म्हणून स्वतःच्या गोठ्यातली एकुलती गाय दिली. तांबूस रंगाची, म्हणून तिचं नाव पोवळी. इंदूला पुढे मुलगी झाली, पण इंदूच्या अंगावर दूध कमी. मग ती चिमुरडी पोवळीच्या दुधावरच वाढायला लागली. घरात दुसरं दुभतं नव्हतं आणि दुसरी गाय घेण्याची ऐपतही नव्हती. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आता गंमत अशी की पोवळी सासरी गेली तरी माहेर विसरली नाही. रोज सकाळी दावं सोडलं की ती खालच्या आळीतून चालत वर यायची आणि काकूंच्या फाटकाशी उभी राहायची. काकू स्वयंपाकातली पहिली पोळी गाईला काढणाऱ्या. फाटकाच्या आत, अंगणात दगडी डोण होती, तिच्यात पोळी, वर चमचाभर गूळ, कधी उरलेला वरणभात पळसाच्या पानावर. पोवळी खायची, मान हलवायची, परत जायची. लेकीसारखंच होतं तिचं.

पण गाय ती गाय. तिची लाळ गळायची. वरणाचे ओघळ रांगोळीवर जायचे. डोण रोज घासावी लागायची, नाहीतर माश्या घोंगावायच्या. काकूंचा जीव त्या रांगोळीत अडकलेला. एक दिवस त्यांना युक्ती सुचली. वाण्याकडून साखर आणलेली प्लॅस्टिकची पिशवी घरात पडली होती. त्यांनी पोळी आणि वरणभात तिच्यात भरला, तोंडाला गाठ मारली आणि पिशवी फाटकाच्या बाहेरच्या खिळ्याला अडकवली. गाय बाहेरच खाईल, अंगण आपलं कोरडं राहील.

काकूंची गाठ म्हणजे साधीसुधी गाठ नव्हे. दोन वेढे, वर एक पीळ, आणि टोक आत खोचलेलं. त्या अभिमानाने सांगायच्या, माझी गाठ कुणाला सुटायची नाही. रोज वाण्याकडची एकेक पिशवी अशी टांगली जायला लागली. सुरुवातीला त्या स्वतः बाहेर येऊन पिशवी फाडून द्यायच्या. मग एकदा दूध उतू जात होतं म्हणून राहिलं. पोवळीने हिसडा मारून पिशवी ओढली आणि सगळंच गिळलं. खिळा रिकामा, अंगण स्वच्छ. काकूंना वाटलं, चला, आपलं तेवढंच काम वाचलं. तेव्हापासून त्यांनी बाहेर जाणंच सोडलं.

डोण कोरडी पडली. तिच्यात पालापाचोळा साठला, तो काकूंनी झाडून काढला आणि डोणीवर फुलझाडाची कुंडी ठेवली. गाव म्हणालं, वा, काय शोभा आली.

एकदा इंदू मुलीला कडेवर घेऊन माहेरी आली होती. तिने खिळ्यावरची पिशवी पाहिली आणि ती आईला म्हणाली, "आई, पोळी हाताने दे ना तिला. नाहीतर डोणीत टाक, पूर्वीसारखी."

"आणि डोण रोज घासायची कुणी? तू येणार आहेस?" काकू म्हणाल्या. "एका पिशवीने काय होतंय गं? अख्खं गाव वापरतंय."

इंदूने विषय सोडून दिला. लेकी सोडतातच. काकूंना काय, हो म्हणायला एक क्षण पुरला असता आणि डोण घासायला तांब्याभर पाणी. पण एका पिशवीने काय होतं, हे वाक्य मोठं सोयीचं आहे. ते रोज म्हणता येतं, आणि रोज ते खरंच वाटतं.

काही महिने गेले. पोवळीचं खाणं कमी झालं. मग रवंथ थांबलं. डावी कूस फुगली, डोळे खोल गेले, आणि दूध आटत आटत वाटीभर राहिलं. इंदूची मुलगी रिकामी वाटी तोंडाला लावून रडायची. शेजारणींनी सांगितलं, दृष्ट लागली असेल. काकू स्वतः मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या आणि त्यांनी गाईवरून ओवाळून टाकल्या. इंदूच्या नवऱ्याने शेवटी तालुक्याहून गुरांचा डॉक्टर आणला.

डॉक्टरने पोट चाचपलं, बराच वेळ कान लावला आणि विचारलं, ही मोकळी फिरते का, कुणी प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकतं का हिच्यापुढे? तसं नक्की असेल तर पोट उघडून काढता येईल, अजून वेळ आहे. पण नुसत्या संशयावर एवढ्या अशक्त गाईला मी चाकू लावणार नाही.

काकू पुढे झाल्या. "उकिरड्यावर फिरणारी गाय नव्हे ही, रोज सरळ माझ्या दारी येते. आणि माझ्या दारात कचरा नसतो, कुणालाही विचारा."

बाई खोटं बोलत नव्हती, हे ऐकून ठेवा. तिच्या लेखी कचरा म्हणजे अंगणात पडतो तो. फाटकाबाहेर गेला की तो कचराच नव्हे. आणि खिळ्यावर टांगलेला तर गाईचा घास, पुण्याचं काम. इंदूच्या ओठांवर खिळ्यावरची पिशवी आली होती, पण परक्या माणसासमोर आईला खोटं कसं पाडायचं? पोवळी पिशवी फाडून पोळी तेवढीच खात असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. डॉक्टरने औषध दिलं आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी पोवळी उठलीच नाही. माहेरी जाणार कशी? पण काकूंच्या नेमात खंड नको. त्यांनी पोळी पिशवीत बांधून शेजारणीच्या हाती गोठ्यात पाठवली. इंदू ती गाठ सोडवायला बसली. नखं लावून पाहिली, दात लावून पाहिले. गाठ सुटेना. आणि मग तिच्या ध्यानात आलं. आपल्याला दोन हात, दहा बोटं असून ही सुटत नाही, तर या मुक्या जनावराने इतके महिने काय केलं असेल?

तिने नवऱ्याला डॉक्टरकडे पळवलं. डॉक्टर लगेच आला. पण त्याआधीच पोवळीने मान टाकली होती.

इंदूनेच हट्ट धरला म्हणून डॉक्टरने पोट उघडलं. आतून पिशव्यांचा गोळा निघाला. आळीतल्या बाया नाकाला पदर लावून बघत होत्या. पोळी कधीच विरघळून गेली होती. पिशव्या जशाच्या तशा होत्या, आणि त्यांच्या तोंडाला दोन वेढे, वर एक पीळ, टोक आत खोचलेलं.

इंदूने त्यातली एक पिशवी धुतली आणि ती आईच्या दारी गेली. काकू नुकत्याच रांगोळी घालून उठत होत्या. इंदूने डोणीवरची कुंडी उचलून बाजूला ठेवली आणि पिशवी डोणीत टाकली.

"आई, तुझीच गाठ आहे ना ही? सोडव."

काकूंनी पिशवी उचलली. त्यांनी खूप खटपट केली, पण गाठ सुटली नाही. मान वर केली तेव्हा इंदू निघून गेली होती.

गाव सांत्वनाला आलं. उकिरडे फार झालेत, लोकांना अक्कल नाही, असं सगळे म्हणाले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही तर आपली जुनीच रीत. परत जाताना वाण्याकडे थांबले आणि ज्याला जे हवं ते पिशवीतून घेऊन घरी गेले.

काकू आता रोज डोण घासतात. पोळी हाताने ठेवतात आणि फाटकाशी उभ्या राहतात. दुपारी ती पोळी कावळे नेतात. अंगणातली रांगोळी तशीच असते, न विस्कटलेली. तिच्याकडे आता त्या बघतही नाहीत.

इंदू माहेरी येत नाही असं नाही. सणासुदीला येते, उंबऱ्यात बसते, मुलीला मांडीवर घेते. मुलगी पेजेवर वाढतेय, हडकुळी आहे. काकू पुरणपोळी करतात, तुपाची धार सोडतात, ताट पुढे सरकवतात आणि घासभर तरी खा म्हणून विनवतात.

इंदू ताट हळूच मागे सरकवते आणि म्हणते, "नको आई. पोट भरलंय."

तात्पर्य एवढंच: फाटकाबाहेर टाकलं म्हणजे संपलं असं होत नाही, आपल्या हातची पिशवी कुणाच्या तरी पोटी जाते, आणि ते पोट बहुतेक वेळा आपल्याच माणसाचं असतं.