गॅलरीतून ओळखलेला बॉल

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलची फायनल संपली, पण तालमीच्या कट्ट्यावर भांडण पेटलं. हरलेल्या संघाचे अध्यक्ष भुजंगराव गरजले, "बॉलमधली हवा यांनीच काढली! बॉल पंचांच्या काखेत होता, तेव्हाच मी गॅलरीतून ओळखलं. चषक परत करा!"

सामन्यानंतर हवा मोजल्यावर बॉल खरंच मऊ निघाला होता. जिंकलेले खेळाडू खाली मान घालून उभे होते.

तेवढ्यात पंक्चरवाले इलाहीचाचा उठले. त्यांनी दोन बॉल चार हात लांब ठेवले. "अध्यक्ष, यातला मऊ कुठला?"

भुजंगराव खेकसले, "हात लावल्याशिवाय कसं कळणार?"

"तेच म्हणतोय मी," चाचा शांतपणे म्हणाले. "मग फायनलच्या बॉलला तुमचा हात कधी लागला?"

अख्खा कट्टा आ वासून चाचांकडे बघत राहिला. भुजंगराव तेवढे चपला शोधत होते.