धनेशबाईंची चोच

मुलांनो, एका जंगलात एक खार राहत असे, आणि इंग्रजीचा तास आला की ती थरथर कापत असे! हसू नका. तुमच्यापैकी कोण कोण कापते ते मला ठाऊक आहे. त्या जंगलाची शाळा एका वडावर भरे. खालच्या फांदीवर पिल्लांचा वर्ग, वरच्या फांदीवर मोठ्यांचा. खारीच्या मैत्रिणी केव्हाच वर गेल्या होत्या. ही मात्र इंग्रजीत नापास होऊन अजून पिल्लांतच बसलेली. इंग्रजी शिकवणाऱ्या धनेशबाईंनी तिला निक्षून सांगितले होते, "सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती. परीक्षेत हे तिन्ही आले तर वर जाशील. नाहीतर बस इथेच!"

खार काही आळशी नव्हती हो. पण तिची रीत पडली खारीची! बिया पुरून ठेवाव्यात तसे ती शब्द पाठ करून डोक्यात पुरून ठेवी, आणि कुठे पुरले तेच विसरून जाई. एकदा ती शेंग हातात धरून मुसमुसत बसली होती, तेव्हा शेजारी कावळा येऊन बसला.

"काय गं खारूताई, रडतेस कशाला?"

"कावळेदादा, माझे शब्द हरवले रे! काल सगळे पाठ होते."

"आणि जांभळीची वाट? ती नाही हरवत?"

"ती कशी हरवेल? रोज जाते की मी तिथं!"

"मग शब्दांकडेही रोज जात जा. पुरून कशाला ठेवतेस? बाहेर काढ, वापर!" असे म्हणून कावळा उडाला आणि जाताना तिची शेंगही घेऊन गेला. कावळाच तो!

मग काय विचारता! खारीने सगळ्यांचे कान किटवले. अस्वल म्हणाले, "भुकेने मेलो गं बाई!" की ही ओरडे, "हायपरबोली! चांगले जिवंत आहात, अस्वलकाका!" हत्तीण कौतुकाने म्हणाली, "माझं बाळ लोण्यासारखं मऊ आहे," तर ही म्हणे, "सिमिली!" शेवटी ससा वैतागून म्हणाला, "ही खार म्हणजे नुसती डोकेदुखी आहे!" त्यावर खार रुसली का? छे! "मेटाफर, मेटाफर!" म्हणत तिने शेपटी उडवली.

परीक्षेच्या दिवशी पहिला उठला पोपट. त्याने सगळ्या व्याख्या धडाधड म्हणून दाखवल्या. "छान," बाई म्हणाल्या, "आता उदाहरण दे. पुस्तकातलं नको, तुझं स्वतःचं." पोपट आपला पुन्हा पहिल्यापासून व्याख्याच म्हणू लागला. मग खारीचा नंबर आला. समोर बघते तो काय, बाईंची ती भलीमोठी पिवळी चोच!

"बाई, तुमची चोच छपरासारखी आहे. ही सिमिली."

पिल्लांनी भीतीने डोळे मिटून घेतले.

"तुमची चोच म्हणजे आमच्या वर्गाचं छप्पर आहे. हा मेटाफर." बाईंनी मान तिरकी केली. आता माघार कसली? खार ठणकावून म्हणाली, "आणि त्या चोचीच्या सावलीत अख्खं जंगल डबा खायला बसलं, तरी दोन हत्तींना जागा उरते! ही हायपरबोली!"

आणि मग धनेशबाई अशा खदखदून हसल्या, की फांदी हलून वडाची फळे टपाटप खाली पडली. "अगं लबाडे, माझीच चोच सापडली होय तुला? पास! ये वर!" खार शेपटी उंचावून सरसर वर धावली. मैत्रिणींनी सरकून तिला मध्ये जागा केली. शेंड्यावर कावळा बसला होता. खारीने गालात जपलेली शेंग काढली आणि या वेळी आपण होऊन त्याच्याकडे फेकली.

तात्पर्य : पुरून ठेवलेला शब्द हरवतो, रोजच्या बोलण्यात वापरलेला शब्द ऐन वेळी धावून येतो.